किरायातला इमारतीचा वाटा

घर किरायाने दिल्यावर दरमहा हातात येणारी रक्कम दिसायला एकच असली, तरी हिशेबाच्या दृष्टीने तिच्यात दोन वेगळे पैसे मिसळलेले असतात: एक, मालकाने जमिनीत आणि बांधकामात घातलेल्या भांडवलाचा मोबदला, आणि दुसरा, त्या बांधकामाची दर महिन्याला जी झीज होते तिची भरपाई. पहिला पैसा मालकाने शेतीत घालावा, लग्नकार्याला लावावा किंवा मुलांच्या शिक्षणावर खर्च करावा, तो सर्वस्वी त्याचा आहे. दुसरा मात्र त्याच्याकडे सांभाळायला आलेला असतो आणि त्याची खरी धनी ती इमारत असते. लातूर आणि नांदेड या मराठवाड्यातल्या दोन शहरांत, जिथे भाड्याला आजही सर्रास ‘किराया’ म्हटले जाते आणि जिथल्या असंख्य कुटुंबांचा प्रपंच विद्यार्थ्यांना दिलेल्या खोल्यांवर चालतो, तिथे या दोन पैशांची फारकत क्वचितच केली जाते, आणि ती न केल्याचे परिणाम पंधरा-वीस वर्षांनी स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डागांच्या रूपाने दिसू लागतात.

या दोन शहरांत किरायाची बाजारपेठ कशी उभी राहिली, हे पाहिल्याशिवाय तिची जोखीम कळत नाही. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला, आणि त्यानंतरच्या काळात राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांमधून जी अध्यापनपद्धती आकाराला आली, तिला पुढे महाराष्ट्रभर ‘लातूर पॅटर्न’ हे नाव मिळाले. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे हेच १९९४ मध्ये स्थापन झालेल्या, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, ही बाब दोन्ही शहरांच्या शैक्षणिक वाढीचा परस्परसंबंध दाखवणारी आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांनी पुढे या वाढीला वेगळेच वळण दिले. लातुरात ‘ट्यूशन एरिया’ हे एका संपूर्ण परिसराचे रूढ नाव होऊन बसले, आणि नांदेडमध्ये श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर या वस्त्यांत घरांवर मजले चढत गेले. जी घरे एका कुटुंबासाठी बांधली होती त्यांत आठ-दहा खोल्या निघाल्या, प्रत्येक खोलीत दोन-तीन खाटा आल्या, आणि दोन संडास-मोऱ्यांवर वीस मुलांचा भार पडू लागला.

हा भारच हिशेबाचा पहिला मुद्दा आहे. एका कुटुंबाच्या वापराने वीस वर्षे टिकणारी नळजोडणी, मोरीची फरशी किंवा ड्रेनेजची वाहिनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तितकी टिकणार नाही, हे उघड आहे; कूपनलिकेचे पाणी जड असल्यामुळे सौर बंबात आणि नळांत क्षारांचे थर साचतात, आणि दर जूनमध्ये नवा राहणारा येत असल्यामुळे जुना राहणारा गळणाऱ्या नळाची तक्रार करण्यापेक्षा उरलेले दोन-तीन महिने काढून घेणे पसंत करतो. मालकाला दोष कळतो तो बऱ्याचदा खालच्या मजल्याच्या छताला ओल उतरल्यावरच.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करून घ्याव्या लागतात. वर्षातून एक-दोनदा करावी लागणारी किरकोळ कामे, जसे नळाचा वायसर बदलणे, तुंबलेली मोरी साफ करणे, बटण किंवा होल्डर बदलणे, ही ‘देखभाल’ होय आणि तिचा खर्च चालू महिन्याच्या किरायातून सहज भागतो. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, संपूर्ण वायरिंग, नळ आणि ड्रेनेजची वाहिनी नव्याने टाकणे, कूपनलिकेची मोटर आणि पाइप बदलणे, गंजलेल्या सळया उघड्या करून काँक्रीटची डागडुजी करणे ही ‘मोठी दुरुस्ती’ होय. ती पाच, दहा किंवा वीस वर्षांतून एकदाच येते, पण आली की काही महिन्यांचा किराया एका दमात खाऊन टाकते. अशा खर्चाची रक्कम आधीपासून थोडी थोडी बाजूला काढून ठेवणे म्हणजे ‘राखीव निधी’, आणि ठरावीक मुदतीनंतर ठरावीक रक्कम उभी राहावी म्हणून दरवर्षी नियमाने टाकलेली पुंजी म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या परिभाषेतला ‘सिंकिंग फंड’.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी याचे प्रमाण ठरवून दिले आहे. जमिनीची किंमत वगळून जो बांधकामखर्च उरतो, त्याच्या दरसाल किमान ०.७५ टक्के रक्कम दुरुस्ती व देखभाल निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी सदनिकाधारकाकडून घ्यावी, असे हे प्रमाण आहे. लातूर-नांदेडमधली बहुसंख्य किरायाची घरे एकाच कुटुंबाच्या मालकीची असल्यामुळे त्यांना हे उपविधी लागू होत नाहीत, तरीही त्यांतले एक तत्त्व प्रत्येक मालकाने उचलण्यासारखे आहे: मोजमापाचा पाया बांधकामाचा खर्च हा असावा. पाश्चात्त्य देशांत मालमत्तेच्या बाजारभावाच्या एक टक्का रक्कम राखून ठेवण्याचा जो ढोबळ नियम सांगितला जातो, तो आपल्याकडे जसाच्या तसा आणता येत नाही, कारण मोक्याच्या प्लॉटच्या किमतीत मोठा वाटा जमिनीचा असतो आणि जमीन गळत नाही, झिजत नाही. किरायाची ठरावीक टक्केवारी राखणे हा मार्गही अपुरा ठरतो, कारण खोल्या रिकाम्या राहिलेल्या वर्षी किराया घटतो, झीज मात्र पावसाच्या आणि उन्हाच्या हिशेबाने चालूच राहते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक इमारत घेऊ: तीन मजले मिळून ३,००० चौरस फूट बांधकाम, खर्च चौरस फुटाला १,८०० रुपये, म्हणजे एकूण ५४ लाख रुपये, आणि वर्षाचा किराया ६ लाख रुपये. उपविधींच्या एक टक्क्याने वर्षाला ५४,००० रुपये निघतात. आता हीच इमारत घटकाघटकाने मोजून पाहावी. गच्चीचे वॉटरप्रूफिंग १,२०,००० रुपयांचे आणि दहा वर्षे टिकणारे धरले, तर वर्षाचा वाटा १२,००० होतो. बाहेरचा रंग दीड लाखाचा आणि सहा वर्षांचा, म्हणजे २५,०००. मोटर, केबल आणि पाइप ८०,००० रुपयांचे आणि आठ वर्षांचे, म्हणजे १०,०००. नळ, संडास आणि ड्रेनेज तीन लाखांचे आणि वीस वर्षांचे, म्हणजे १५,०००. वायरिंग दोन लाखांचे आणि वीस वर्षांचे, म्हणजे १०,०००. बेरीज ७२,००० रुपये, म्हणजे महिन्याला ६,००० आणि एकूण किरायाच्या १२ टक्के. काँक्रीटची दुरुस्ती यात धरलेलीच नाही. वसतिगृहासारखा दाट वापर असलेल्या इमारतीला एक टक्क्याचे प्रमाण अपुरे पडते, हे या साध्या बेरजेतून दिसते, आणि म्हणूनच प्रत्येक मालकाने आपल्या इमारतीच्या घटकांची अशी यादी एकदा तरी कागदावर मांडणे आवश्यक आहे.

महागाईचा प्रश्न यात आपोआप येतो. दरसाल ६ टक्के दराने खर्च वाढला, तर आज १,२०,००० रुपयांत होणारे काम दहा वर्षांनी सुमारे २,१५,००० रुपयांचे होईल. मात्र निधी व्याजाने ठेवला आणि दरवर्षी टाकायची रक्कमही त्याच ६ टक्क्यांनी वाढवत नेली, तर व्याजाने मागच्या रकमा वाढतात, वाढत्या हप्त्याने पुढच्या वाढतात, आणि आजच्या भावाने काढलेला वाटा पुरेसा ठरतो. अट एवढीच की कर जाऊन हाती राहणारे व्याज महागाईच्या दराला गाठणारे हवे. हा पैसा भिशीत किंवा जास्त व्याजाच्या आमिषाने पतसंस्थेत ठेवण्याची सवय मराठवाड्यात खोल आहे, पण व्यापारी आणि सहकारी बँकांतल्या ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत जे ठेवविम्याचे संरक्षण मिळते, ते पतसंस्थांतल्या ठेवींना मिळत नाही. ज्या पैशाची गरज नेमकी संकटाच्या दिवशी लागणार, त्याच्या बाबतीत अर्ध्या टक्क्याच्या जादा व्याजापेक्षा सुरक्षितता मोलाची मानली पाहिजे.

राहणाऱ्याकडून घेतलेली अनामत, म्हणजे डिपॉझिट, हा राखीव निधी आहे असा एक समज या व्यवसायात फार पसरलेला आहे आणि तो निखालस चुकीचा आहे. अनामत हे मालकावरचे देणे असते. मुलगा खोली सोडेल त्या दिवशी ते परत करायचे असते, आणि विद्यार्थ्यांच्या शहरात सगळे जण परीक्षा संपताच एकाच पंधरवड्यात खोल्या सोडतात, त्यामुळे ते एकदमच परत करावे लागते. जुन्या मुलांची अनामत नव्या मुलांच्या अनामतीतून फेडायची, हे चक्र वर्षानुवर्षे सुरळीत चालले, पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शिकवण्या बंद झाल्या, मुले गावी परतली आणि नवी आली नाहीत, तेव्हा ते तुटले. ज्यांनी मजला चढवण्यासाठी कर्ज काढले होते त्यांना हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत मिळाली खरी, परंतु त्या काळाचे व्याज चढतच राहिले. दुरुस्तीच्या निधीखेरीज चार ते सहा महिन्यांच्या रिकामेपणाची तजवीज वेगळी हवी, हा धडा त्या वर्षाने दिला.

लातूरला त्याआधी चार वर्षे पाण्याने असाच धडा दिला होता. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते आणि पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. अशा वर्षी किरायाच्या घराचा टँकरचा खर्च हा मुळी अंदाजपत्रकात नसलेला खर्च असतो, आणि त्याच धावपळीत अनेक ठिकाणी कूपनलिका आणखी खोल नेल्या जातात. पाणी लागलेच नाही तर तो पैसा कायमचा जमिनीत जातो. दुष्काळाची तरतूद मोठ्या दुरुस्तीच्या निधीतून भागवली, की पुढच्या पावसाळ्यात गच्ची गळते आणि तिच्यासाठी काही शिल्लक नसते; म्हणून वहीत ही तीन खाती, म्हणजे दुरुस्ती, रिकामेपणा आणि पाणी, वेगळी मांडलेली बरी.

कायद्याची बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. तो रद्द होऊन ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. त्याच्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. कायद्याने येथे नकळत एक मापच घालून दिले आहे: दुरुस्तीपोटी वर्षाच्या किरायाचा पाव भाग हातून जाऊ शकतो, याची तयारी मालकाने ठेवावी. वसतिगृहात खाटेच्या हिशेबाने राहणारा अठरा वर्षांचा मुलगा व्यवहारात हा मार्ग कधी अवलंबत नाही, आणि म्हणून त्याच्या डोक्यावरच्या छताची जबाबदारी मालकाच्या विवेकावर अधिकच पडते. मुंबईतल्या उपकरप्राप्त चाळींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि दुरुस्ती उपकर आणला. लातूर-नांदेडच्या मालकामागे असे कोणतेही मंडळ उभे नाही.

आयकराची तरतूद तर याहून बोलकी आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेची घरपट्टी वजा केल्यावर जी रक्कम उरते, तिच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, आणि त्यासाठी एका रुपयाच्याही खर्चाची पावती दाखवावी लागत नाही. या ३० टक्क्यांत दुरुस्ती, विमा, वसुली असे सगळे खर्च गृहीत धरलेले आहेत. म्हणजे शासन ज्या पैशावर कर सोडते तो इमारतीवर खर्च होईल, असा त्यामागचा हेतू आहे. मालक वजावट तर दरवर्षी घेतो, परंतु ती रक्कम वेगळी काढत नाही, आणि पंधरा वर्षांनी काँक्रीटच्या दुरुस्तीसाठी सोने गहाण ठेवतो. वरच्या काल्पनिक इमारतीत घरपट्टी २०,००० रुपये धरली, तर ही वजावट १,७४,००० रुपये होते, आणि तिच्या निम्म्याहून कमी रकमेत वर्षाचे ७२,००० रुपये बसतात.

आता ज्या दोन शत्रूंशी या इमारतींची गाठ असते त्यांच्याकडे वळू. खालचा शत्रू काळी माती. ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घेतलेल्या घराच्या भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या चिरा जातात. अशा चिरा दर रंगकामाच्या वेळी लांबीने बुजवणे हा पैशाचा अपव्यय आहे; घराभोवती चारी बाजूंनी पाणी झिरपू न देणारी फरसबंदी करणे आणि गच्चीचे पाणी पायापासून दूर नेणे यावर तोच पैसा लागला, तर उपयोग होतो. नांदेडमध्ये गोदावरीकाठच्या सखल वस्त्यांना पुराची भर पडते. ऑगस्ट २००६ च्या पुराने ती दाखवून दिली.

वरचा शत्रू पाऊस, आणि त्याच्याशी मराठवाड्याची लढाई फार जुनी आहे. येथल्या जुन्या घरांना लाकडी तुळयांवर माती पसरलेले माळवद असे, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आधी, त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकण्याची रीत होती. ती वर्षाच्या दुरुस्तीची शिस्तच होती. तिच्यात एकच उणीव होती, की जुना थर काढला जात नसे. पिढ्यान्पिढ्या थरावर थर चढत गेला आणि माती दीड-दोन फुटांपर्यंत पोहोचली, म्हणजे दर चौरस मीटरला सातशे किलोहून अधिक वजन मातीत बांधलेल्या दगडी भिंतींवर येऊन बसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक या भिंती आणि या छतांखाली गेली. छत गळू नये म्हणून केलेल्या दुरुस्तीनेच छत जड केले होते.

ही जुनी गोष्ट आजच्या स्लॅबच्या इमारतींना जशीच्या तशी लागू आहे, आणि या विषयातली सर्वांत गंभीर बाब हीच वाटते. गच्ची गळू लागली की मिस्त्री जुन्या कोब्यावरच नवा विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून देतो, कारण तोडफोडीचा खर्च वाचतो आणि मालकाच्या हातात तेवढेच पैसे असतात. चार इंची कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे १८० ते २०० किलो भरते, आणि वावर असलेल्या गच्चीसाठी अभियंता माणसे-सामानाचा जो भार धरतो तो भारतीय मानकानुसार साधारण १५० किलोच असतो. म्हणजे दुसऱ्या थरानेच ती सारी मुभा संपते. त्यावर प्रत्येकी एक टन भरणाऱ्या हजार-हजार लिटरच्या टाक्या चढतात, आणि खालून ओलीने सळई गंजत असते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असल्यामुळे तो खालच्या काँक्रीटला फोडून बाहेर येतो. पोपडे खोलीत झोपलेल्या मुलांच्या अंगावर पडतात, तेव्हा हे सर्व एकदम दिसते. १९९३ नंतर भूकंपाच्या नकाशात लातूर परिसर तिसऱ्या विभागात घेतला गेला, २००६ नंतरची काही वर्षे नांदेड शहराला बारीक धक्के बसत राहिले, आणि २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोलीकडील ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडमध्येही जाणवले. तेव्हा छतावरचा भार हा केवळ गळतीच्या हिशेबात मोजण्याचा विषय उरत नाही.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या मालकाने नोंदणीकृत अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घ्यावे, असे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५-अ सांगते. लातूर पॅटर्नच्या पहिल्या लाटेत बांधलेली घरे आता या वयात आली आहेत. तपासणीची फी हीसुद्धा निधीतून द्यायची मोठी बाब समजावी, कारण तिच्याविना बाकीचा खर्च आंधळा होतो.

कामाची वेळ हा शेवटचा आणि तितकाच व्यावहारिक प्रश्न आहे. खोल्या मे महिन्यात रिकाम्या होतात आणि जूनच्या मध्यापर्यंत पुन्हा भरतात, म्हणून शहरातले सगळे मालक एकाच वेळी मिस्त्री शोधतात; भाव चढतात, कडक उन्हात काँक्रीट आणि प्लास्टर लवकर सुकते, आणि क्युरिंगसाठी व गच्चीत पाणी साठवून गळती तपासण्यासाठी जे पाणी हवे ते नेमके त्याच महिन्यात नसते. आतली कामे, म्हणजे संडास, वायरिंग आणि रंग, मेमध्येच करावी लागतील. गच्चीचे काम मात्र मुले खाली राहत असतानाही करता येते, आणि दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस, जेव्हा पाऊस ओसरलेला आणि कूपनलिकेला पाणी असते, त्यासाठी सर्वांत योग्य असतात.

किल्लारीनंतर ज्या हजारो जुन्या घरांना पाडण्याऐवजी बळकटी देण्याचे ठरले, त्यांच्या मजबुतीकरणाच्या सूचनांत छतावरची जादा माती उतरवणे, तिचा थर पातळ करणे आणि गळतीसाठी मध्ये प्लास्टिकचा कागद अंथरणे हे काम होते. आजच्या गच्चीच्या अंदाजपत्रकातही पहिली ओळ तीच लिहावी लागेल: जुना कोबा स्लॅबपर्यंत फोडून मलबा खाली उतरवणे, दर चौरस फुटाप्रमाणे. ही ओळ मिस्त्री आपणहून लिहीत नाही. ती मालकाने लिहून घ्यावी लागते, आणि तिच्यापुरते पैसे खात्यात आधीच साठलेले असावे लागतात.